परदेशांत टिप द्यावी काय?

परदेशीं जाणारें माणूस आतां आपल्या घरोघर झालें आहे. कोणाचा मुलगा अमेरिकेंत, कोणाची लेक सिंगापुरास, तर कोणी निवृत्त दांपत्य एखाद्या प्रवासी कंपनीबरोबर पंधरा दिवसांत युरोपांतले सात देश पाहून येतें. निघण्यापूर्वीं हीं माणसें पुष्कळ चौकशी करतात. थंडी किती असेल, लोणचें नेतां येईल काय, औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर ठेवाव्या काय, सर्व कांहीं विचारून घेतात. एक प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं, आणि नेमका तोच तेथें पोहोंचल्याच्या पहिल्या दिवशीं टॅक्सीच्या दाराशीं किंवा जेवणाच्या टेबलावर पुढें उभा राहतो. वाढणाऱ्याला, सामान उचलणाऱ्याला, खोली झाडणारीला बिलाखेरीज वर कांहीं द्यावयाचें कीं नाहीं? द्यावयाचें तर किती? आणि न दिलें तर काय बिघडतें?

या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मीं एकदां साफ चुकीचें दिलें होतें. तेंच प्रथम सांगतों.

२०१९ सालच्या मे महिन्यांत मी व माझी पत्नी टेक्सास राज्यांत डॅलसजवळ राहणाऱ्या आमच्या मुलाकडे गेलों होतों. एके दिवशीं मुलानें आम्हांला दुकानांच्या एका चौकांत सोडलें व तो कामावर गेला. आम्ही दोघें फिरून दमल्यावर तेथल्याच एका उपाहारगृहांत जेवावयास बसलों. वाढावयास एक विशी-बाविशीची मुलगी होती. माझ्या पत्नीला मांस-मच्छी चालत नाहीं. तेव्हां सारांत कसला अर्क घातला आहे, भातांत काय आहे, चीज कसलें आहे, असे तिचे प्रश्न, त्या प्रश्नांचें मीं माझ्या मास्तरी इंग्रजींत केलेलें भाषांतर, आणि प्रत्येक प्रश्नागणिक त्या मुलीचें स्वयंपाकघरांत जाऊन विचारून येणें! तीन वेळां तिनें गरम पाणी आणून दिलें. बिल ३८ डॉलर झालें. मीं वीस-वीसच्या दोन नोटा ठेवल्या, दोन डॉलर परत घेतले, तिचे आभार मानले आणि उठलों.

"अहो, तिच्यासाठीं कांहीं ठेवायचं नाहीं का?" असें पत्नीनें विचारलें. तिला मीं बाहेर आल्यावर माझें तत्त्व समजावून सांगितलें.

तें तत्त्व असें. मी आयुष्यभर शाळामास्तर. जुन्या अकरावीची परीक्षा देऊन नोकरीला लागलों आणि ती नोकरी गणित शिकविण्यांत संपविली. एकदां आठवींतील एका मुलाच्या वडिलांनीं वार्षिक परीक्षेच्या आधीं मिठाईचा पुडा आणि त्यांत एक घडी घातलेली नोट पाठविली होती. ती मीं त्याच मुलाच्या हातीं परत केली. जो काम करतो त्याला त्याचें वेतन मिळतें. त्यापलीकडे त्याच्या तळहातावर पैसा टाकणें म्हणजे कामकऱ्याला याचक बनविणें, असें माझें मत होतें. आणि खरें सांगावयाचें तर तें अजूनहि बऱ्याच अंशीं आहे.

रात्रीं जेवतांना पत्नीनें ही हकीकत मुलाला सांगितली. तो जरा वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "बाबा, त्या मुलीचा पगार तासाला दोन डॉलर तेरा सेंट असतो. बाकीचे तुम्ही द्यायचे असतात."

दोन डॉलर तेरा सेंट म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें दीडशें रुपये. आम्ही घेतलेल्या एका वाटीभर साराची किंमत त्याच्या दुपटीहून अधिक होती. मी म्हणालों, "हें कसें शक्य आहे? तेथें किमान वेतनाचा कायदा नाहीं काय?" कायदा आहे, आणि त्या कायद्यांतच ही गोष्ट लिहिलेली आहे. पुढले कांहीं दिवस मीं मुलाच्या ग्रंथालयांतून व सरकारी पत्रकांतून जें वाचून काढलें, तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

अमेरिकेनें किमान वेतनाचा कायदा १९३८ सालीं केला, तेव्हां हॉटेलें व उपाहारगृहें यांतील नोकर त्याच्या कक्षेबाहेर राहिले. १९६६ सालच्या दुरुस्तीनें त्यांना आंत घेतलें. परंतु घेतांना मालकांना एक सवलत दिली. गिऱ्हाईक जी टिप देईल, ती वेतनाचा भाग म्हणून धरण्याची मुभा त्यांना मिळाली. संघराज्याचें किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. त्यांपैकीं टिप मिळविणाऱ्या नोकराला मालकानें रोख द्यावयाचे ते २.१३ डॉलर, आणि हा आंकडा १९९१ पासून हललेला नाहीं. उरलेले ५.१२ डॉलर टिपेंतून भरून निघतात असें गृहीत आहे. न निघाले तर मालकानें भर घालावी असें कायदा म्हणतो खरा. परंतु ही तूट दर आठवड्याला दाखवून देणें ही नोकरी टिकवूं पाहणाऱ्या माणसाला सोपी गोष्ट नव्हे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. टेक्सासमधील त्या बिलावर छापलेले ३८ डॉलर ही आमच्या जेवणाची पुरी किंमत नव्हती. कांहीं किंमत छापली होती आणि कांहीं न छापतां माझ्या इमानावर सोपविली होती. मीं छापलेली तेवढी दिली आणि तत्त्व सांगत बाहेर पडलों.

अमेरिकेंतलीं सर्व राज्यें मात्र अशीं नाहींत. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगॉन, नेव्हाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या सात राज्यांत मालकानें पुरें किमान वेतन आधीं द्यावें लागतें, टिप त्यावर. तरीहि तेथें टिपेची चाल तेवढीच पक्की आहे, कारण एकदां रुजलेली चाल कायद्याच्या कलमाकडे बघून चालत नाहीं.

ही चाल अमेरिकेची स्वतःची नव्हे. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील बड्या घरीं पाहुणा जेवून निघाला म्हणजे घरचे नोकर दाराशीं ओळीनें उभे राहत. प्रत्येकाच्या हातावर कांहीं ठेवल्याखेरीज पाहुण्याची सुटका नसे. या देण्याला 'व्हेल' म्हणत. थोरामोठ्यांच्या घरचें आमंत्रण स्वीकारणें बेताच्या ऐपतीच्या माणसाला परवडेनासें झालें. जोनस हॅनवे नांवाच्या गृहस्थानें याविरुद्ध पत्रें लिहून छापलीं, आणि मालकमंडळींनीं ही चाल बंद करण्याचें मनावर घेतलें, तेव्हां १७६४ सालीं लंडनच्या रॅनेले बागेंत नोकरांनीं दंगा केला. कारण उघड होतें. व्हेल गेली, पण तिच्या बदलीं पगार कोण वाढविणार, हें कोणी सांगत नव्हतें.

अमेरिकेंत ही चाल यादवी युद्धानंतर, म्हणजे १८६५ नंतर फोंफावली. युरोपची सफर करून आलेल्या श्रीमंतांनीं ती बरोबर आणली, असें सांगतात. पण ती ज्या जमिनींत रुजली ती जमीन निराळी होती. जॉर्ज पुलमन यानें १८६७ सालीं आगगाडीच्या शयन-डब्यांची कंपनी काढली आणि त्या डब्यांतून प्रवाशांची सेवा करण्यासाठीं गुलामगिरींतून नुकतेच सुटलेले काळे पुरुष नेमले. पगार अगदीं तुटपुंजा. बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. प्रवासी त्या प्रत्येकाला 'जॉर्ज' अशी हांक मारीत. त्यांचीं नांवें निराळीं होतीं, पण मालकाचें नांव जॉर्ज होतें, आणि पूर्वीं गुलामाला धन्याच्या नांवानें ओळखण्याची रीत होती. या लोकांनीं १९२५ सालीं ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांच्या पुढारीपणाखालीं आपला संघ स्थापिला, आणि बारा वर्षें झगडून १९३७ सालीं कंपनीकडून करार मिळविला. टिप हा शब्द उच्चारतांना मला त्या हांकेची आठवण होते. माझें तत्त्व अगदींच पोकळ नव्हतें, एवढें मीं माझ्यापुरतें त्यावरून ठरविलें आहे.

खुद्द अमेरिकनांनाहि ही चाल आपल्या लोकशाहीला शोभत नाहीं असें वाटे. १९०९ सालीं वॉशिंग्टन राज्यानें टिपेवर कायद्यानें बंदी घातली. मिसिसिपी, आर्कन्सॉ, आयोवा, साउथ कॅरोलिना व टेनेसी यांनीं त्याचें अनुकरण केलें. विल्यम स्कॉट नांवाच्या लेखकानें १९१६ सालीं 'द इचिंग पाम' म्हणजे 'खाजणारा तळहात' या नांवाचें सबंध पुस्तकच टिपेविरुद्ध लिहिलें. पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. ते कोणी पाळीत नव्हतें, आणि टिप बंद केली तर वेतन कोठून येणार या प्रश्नाला त्यांतहि उत्तर नव्हतें.

येथें या शब्दाविषयीं एक गैरसमज दूर करतों. टी, आय, पी हीं 'तत्पर सेवेच्या खात्रीसाठीं' अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें आहेत, असें मोठ्या विश्वासानें सांगणारे लोक भेटतात. ती फोड मागाहून रचलेली आहे. सतराव्या शतकांतील इंग्रज भामट्यांच्या बोलींत 'टिप' म्हणजे नुसतें 'देणें' किंवा 'हातांत सरकविणें'. फ्रेंच व जर्मन भाषांतील शब्द अधिक प्रांजळ आहेत: 'पूरब्वार' आणि 'ट्रिंकगेल्ड', दोहोंचा अर्थ पिण्यासाठीं दिलेला पैसा. आपण 'चहापाणी' म्हणतों, तो अगदीं त्याच घाटाचा शब्द आहे. फारसी 'बख्शिश' इजिप्तपासून हिंदुस्थानापर्यंत त्याच अर्थानें पसरला. मराठींत मात्र त्याचें 'बक्षीस' झालें आणि तें शाळेच्या स्नेहसंमेलनांत पहिल्या आलेल्या मुलाला मिळूं लागलें. शिवाय आपल्याकडे दिवाळीची पोस्त आहे. ती पोस्टमनला, भंग्याला, दूधवाल्याला देतांना मला कधीं त्यांचा अपमान वाटला नाहीं. माझ्या पत्नीनें हें त्या रात्रीं बरोबर दाखवून दिलें, आणि मला उत्तर सुचलें नाहीं.

आतां टिप दिल्यानें काम चांगलें होतें, हा तिच्या समर्थकांचा नेहमींचा दाखला. कॉर्नेल विद्यापीठांतील मायकेल लिन यांनीं या विषयाचा अनेक वर्षें अभ्यास केला. सेवा किती चांगली आणि टिप किती मोठी यांतला संबंध फार दुबळा आहे, असें त्यांना आढळलें. माणूस टिप देतो तो बहुधा रिवाज म्हणून, लाजेनें, किंवा सवयीनें. तेव्हां 'सेवा आवडली नाहीं म्हणून दिली नाहीं' असें म्हणणारा गिऱ्हाईक अमेरिकेंत आपण न्यायाधीश आहों असें समजतो, पण समोरच्याला तो पगार कापणाऱ्या मालकासारखा दिसतो.

अमेरिकेंत जाणाऱ्यानें धरून चालावें तें असें. टेबलावर बसून जेवलांत आणि कोणी आणून वाढलें, तर बिलाच्या शेंकडा १५ पासून २० पर्यंत. मोठ्या शहरांत १८ ते २० हाच हल्लींचा रिवाज. हिशेब कराच्या आधींच्या रकमेवर केला तरी चालतो. सोपी युक्ति अशी कीं बिलाचा दहावा हिस्सा काढावा आणि तो दुप्पट करावा. आठवीच्या मुलाला येईल एवढें गणित आहे, पण तेथें हातांत यंत्र घेऊन बसलेले मोठे मोठे लोक मीं पाहिले. सहा किंवा अधिक माणसें एकत्र जेवलीं तर कित्येक ठिकाणीं ही रक्कम बिलांत आधींच घातलेली असते. म्हणून बिल वाचल्याशिवाय वर कांहीं ठेवूं नये, नाहीं तर दोनदां देणें होतें. टॅक्सीवाल्याला व केस कापणाऱ्याला तशीच टक्केवारी. सामान उचलणाऱ्याला नगामागें डॉलर-दोन डॉलर.

एका व्यक्तीला मात्र लोक हटकून विसरतात. ती म्हणजे हॉटेलांतली खोली झाडणारी बाई. ती दिसत नाहीं, बिल आणीत नाहीं, दाराशीं उभी राहत नाहीं. आपण बाहेर गेल्यावर ती येते, आपलीं अंथरुणें बदलते, न्हाणीघर घासते आणि निघून जाते. तिच्यासाठीं दर रात्रीचे दोन ते पांच डॉलर उशाशीं ठेवावे, आणि ते रोजच्या रोज ठेवावे; कारण उद्यां झाडणारी बाई निराळी असूं शकते. बरोबर 'आभार' असा शब्द लिहिलेली चिठ्ठी असावी. नुसती नोट पडलेली दिसली तर ती पाहुणा विसरला असेल म्हणून प्रामाणिक बाई तिला हात लावीत नाहीं.

दुसरीकडे, अमेरिकेंत गेल्या कांहीं वर्षांत एक नवी अडचण उपजली आहे. आपण स्वतः रांगेंत उभे राहून कॉफीचा पेला घेतला, तरी गल्ल्यावरचा मुलगा एक कांचेची पाटी आपल्याकडे फिरवितो आणि तीवर १८, २०, २५ असे आंकडे झळकतात. मागें माणसें उभीं. आपण घाबरून मधल्या आंकड्यावर बोट ठेवतों. येथें कोणी आणून वाढलेलें नाहीं, आणि अशा ठिकाणीं वेतन बहुधा टिपेवर बेतलेलें नसतें. 'नको' या चौकटीवर बोट ठेवण्यांत कांहीं वावगें नाहीं. अमेरिकेंतले लोकच या पाटीला कंटाळले आहेत.

राहिली त्या मुलीची हकीकत. दुसऱ्या दिवशीं मुलाला घेऊन मी तेथें परत गेलों. ती त्या दिवशीं कामावर नव्हती. मला तिचें नांव ठाऊक नव्हतें. 'काल दुपारीं खिडकीजवळच्या टेबलावर वाढणारी' एवढेंच सांगतां आलें. आठ डॉलर पाकिटांत घालून व्यवस्थापकाजवळ दिले. नोकरांच्या टिपेंतील कांहींहि मालकानें किंवा व्यवस्थापकानें स्वतःकडे ठेवूं नये, अशी २०१८ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली आहे, हें मला मागाहून वाचावयास मिळालें. तें पाकीट तिच्यापर्यंत पोहोंचलें असावें असें मी धरून चालतों.

कोणी म्हणेल, ही पद्धत वाईट आहे असें वाटतें तर ती मोडावी. मोडूं पाहणारे झाले. न्यू यॉर्कचे नामांकित उपाहारगृह-चालक डॅनी मायर यांनीं २०१५ सालीं आपल्या उपाहारगृहांतून टिप उठविण्याचें जाहीर केलें, किंमती वाढविल्या आणि वेतनेंहि वाढविलीं. पण शेजारच्या दुकानांतील किंमती कमी दिसत आणि तेथल्या चतुर वाढप्यांची टिपेसह कमाई अधिक होत असे. अखेर २०२० सालीं त्यांनीं हा प्रयोग सोडून दिला. उलट २०२५ सालच्या कायद्यानें २०२५ ते २०२८ या वर्षांपुरती, वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपेला प्राप्तिकरांत सूट मिळाली आहे. म्हणजे चाल अधिकच घट्ट झाली. जेथें मालक, कायदे आणि राज्यें हरलीं, तेथें चार दिवसांचा पाहुणा दोन डॉलर खिशांत परत घालून सुधारणा करूं म्हणेल, तर त्याची किंमत वाढणारी मुलगी तेवढी देते. मालकाच्या केंसालाहि धक्का लागत नाहीं.

अमेरिका सोडून पूर्वेस युरोपांत उतरलें कीं सगळें चित्र बदलतें. फ्रान्समध्यें १९८७ पासून उपाहारगृहांनीं सेवेसह पुरी किंमत छापलीच पाहिजे असा नियम आहे. बिलाखालीं 'सेर्व्हिस कोंप्री' म्हणजे 'सेवा धरून' असे शब्द असतात. तेथें वीस टक्के ठेवून येणारा पाहुणा उदार ठरत नाहीं, गोंधळलेला ठरतो. जेवण आवडलें तर एक-दोन युरोचीं नाणीं ठेवावीं. न ठेवलीं तरी कोणी तोंड फिरवीत नाहीं. इटलींत बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशीं कांहीं आकार असतो. तो पाव, टेबलावरचा कपडा वगैरेंचा. त्याला टिप समजूं नये, आणि तो लावला म्हणून भांडूंहि नये.

जर्मनींत देण्याची रीत निराळी आहे. पैसे टेबलावर टाकून निघून जाणें तेथें शिष्टपणाचें नाहीं. बिल २७ युरो झालें तर नोट देतांना तोंडानें 'तीस' म्हणावें. वाढणारा तीस धरून बाकी परत करतो. पांच ते दहा टक्के पुरे होतात. ही रीत मला फार आवडली. देणारा आणि घेणारा एकमेकांकडे पाहून व्यवहार करतात, आणि कोणी कोणाच्या उपकाराखालीं राहत नाहीं.

लंडनांत बहुतेक उपाहारगृहांच्या बिलांत साडेबारा टक्के सेवा-आकार घातलेला असतो व त्यापुढें 'ऐच्छिक' असें बारीक अक्षरांत छापलेलें असतें. तो दिला म्हणजे वर कांहीं देण्याचें कारण नाहीं. कित्येक वर्षें या पैशांतील कांहीं भाग मालक ठेवून घेत, अशी नोकरांची तक्रार होती. त्यासाठीं २०२३ सालीं कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो अंमलांत आला: टिप व सेवा-आकार यांची सगळी रक्कम नोकरांतच वांटली पाहिजे. तत्पूर्वींच, २००९ पासून, टिप ही किमान वेतनांत धरतां येत नाहीं असें तेथें ठरलें होतें. अमेरिकेनें १९६६ सालीं जें दार उघडलें, तें इंग्लंडनें असें बंद केलें.

जपानांत तर टिप नाहींच. माझा एक जुना विद्यार्थी ओसाका शहरीं नोकरी करतो. पहिल्या आठवड्यांत एका खानावळींत तो उरलेलीं नाणीं टेबलावर ठेवून निघाला, तर वाढणारी बाई तीं नाणीं मुठींत घेऊन रस्त्यावर धांवत आली आणि वांकून वांकून 'आपण विसरलांत' म्हणून परत करूं लागली. हा प्रकार त्यानें मला पत्रानें कळविला, तेव्हां मीं पत्नीला तो मोठ्यानें वाचून दाखविला! जपानांत ठरलेल्या किंमतींतच उत्तम सेवा येते असें समजतात. वर पैसा देणें म्हणजे किंमत चुकली असें सुचविणें. पैसेहि हातांत देत नाहींत, गल्ल्यावरच्या लहान तबकांत ठेवतात. उठतांना 'गोचिसोसामा देशिता' म्हणावें. जेवणाबद्दलचे हे आभार, आणि तेवढ्यानें आंतला आचारीसुद्धां संतुष्ट होतो. अपवाद एकच. जुन्या धर्तीच्या पांथस्थगृहांत, आपली सर्व बडदास्त ठेवणाऱ्या बाईला आरंभींच कागदी पाकिटांत घालून कांहीं देण्याची चाल होती. तिला 'कोकोरोझुके' म्हणतात. नोट उघडी देत नाहींत. आपल्या आहेराच्या पाकिटासारखेंच. हल्लीं तीहि आवश्यक राहिलेली नाहीं.

सिंगापुरांत किंमतीपुढें अधिकाची दोन चिन्हें छापलेलीं दिसतील. पहिलें दहा टक्के सेवा-आकाराचें, दुसरें कराचें. हा कर २०२४ पासून नऊ टक्के आहे. तेव्हां शंभराची वस्तु जवळजवळ वीस टक्क्यांनीं महाग पडते, आणि वर टिप देत नाहींत.

आखाती देशांचा विचार मात्र मला टक्केवारींत करतां येत नाहीं. तेथल्या हॉटेलांत सामान उचलणारा, वाढणारा, खोली झाडणारा बहुधा आपल्याच बाजूचा असतो: केरळचा, नेपाळचा, फिलिपाइन्सचा, क्वचित् रत्नागिरीचाहि. कतार देशानें मार्च २०२१ पासून सर्व परदेशी नोकरांना लागू होणारें किमान वेतन ठरविलें. मूळ पगार महिना १,००० रियाल, आणि मालकानें जेवणाची व राहण्याची सोय केली नाहीं तर ३०० व ५०० रियाल निराळे. यांतून गांवीं पैसे पाठविणारा माणूस आपल्याशीं हिंदींत बोलतो, तेव्हां त्याला दहा रियाल देतांना रिवाज काय सांगतो हें पाहण्याची मला गरज वाटत नाहीं. येथें माझें तत्त्व आणि माझें गणित दोन्ही मी बाजूस ठेवतों.

प्रवासी कंपनीबरोबर जाणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बसचा चालक, वाटाड्या व व्यवस्थापक यांच्यासाठीं दर दिवशीं माणशीं ठराविक डॉलर किंवा युरो कंपनी निघण्यापूर्वींच घेते. तिला टिप म्हणतात, पण जी सक्तीनें घेतात ती टिप नव्हे, भाड्याचाच एक भाग आहे. तो जाहिरातींतील किंमतींत धरलेला आहे कीं नाहीं, आणि चालकाला खरोखर पोहोंचतो कीं नाहीं, हें पैसे भरतांना सरळ विचारावें. विचारण्यांत संकोच कसला? आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानें ही रक्कम आधीं भरली आणि पुन्हां शेवटच्या दिवशीं बसमध्यें फिरविलेल्या टोपींतहि टाकली, कारण शेजारच्यांनीं टाकली.

मौज अशी कीं हा प्रश्न आतां उलट दिशेनेंहि येऊं लागला आहे. गेल्या दिवाळींत मुलगा व सून घरीं आलीं होतीं. पुण्यांत आम्ही सहा जण एका चांगल्या हॉटेलांत जेवलों. बिलांत दहा टक्के सेवा-आकार आधींच घातलेला होता. मुलगा त्यावर आणखी वीस टक्के ठेवण्यास निघाला. हाताला सवय लागलेली. मीं त्याला थांबविलें आणि सांगितलें, कीं आपल्याकडे ग्राहक-संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें असा आकार परस्पर बिलांत घालण्यास मनाई केली आहे, आणि मार्च २०२५ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें तें उचलून धरलें आहे. व्यवस्थापकाला बोलावलें. त्यानें फारशी हुज्जत न घालतां बिल बदलून आणलें.

"मग आतां वाढणाऱ्याला काय ठेवायचं, बाबा?" मुलानें विचारलें.

बिल पावणेचार हजारांचें होतें. मीं वाढणाऱ्यालाच जवळ बोलावून विचारलें, कीं बाबा रे, तो दहा टक्क्यांचा आकार तुम्हां लोकांना मिळतो काय? तो हंसला आणि व्यवस्थापकाकडे पाहून गप्प राहिला. बडीशेपेच्या बशींत आम्ही तीनशें रुपये ठेवले आणि ते त्यानें उचललेले पाहूनच मी उठलों.